सहा डोंगरांचा पास

बहरीनची राजधानी मनामा, तिथल्या एका ट्रॅव्हल एजन्सीत मृणालीचं टेबल खिडकीपाशी होतं. रस्त्यापलीकडे दत्तप्रसादची पांढरी गाडी थांबलेली तिने पाहिली आणि समोरचं काम बाजूला सारलं. हा माणूस एक दिवस येणार हे तिला ठाऊक होतं. बहरीनमधल्या कुडाळकडच्या बहुतेकांची तिकिटं तीच काढायची.

दत्तप्रसादचं तुबली भागात एसी दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. मृणालीचा नवरा परीक्षित पूर्वी तिथे सुपरवायझर होता. दोघे एकाच गावचे. तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये परीक्षितचे वडील गावी अचानक वारले. एसी बंद पडला तर घरात बसवत नाही, असे ते दिवस. वर्कशॉपमध्ये फोन सारखे वाजत होते, आणि उन्हाळ्यात कुणालाही रजा नाही, हा दत्तप्रसादचा नियम होता. परीक्षित विनवण्या करत राहिला, तरी दत्तप्रसादने रजेवर सही केली नाही.

"व्हिडिओवर बघ," तो म्हणाला होता. "आजकाल सगळां दिसता."

अग्नी चुलत भावाने दिला. परीक्षितने तो वर्कशॉपच्या मागे एका जुन्या कॉम्प्रेसरवर बसून फोनवर पाहिला. मध्येच नेटवर्क गेलं आणि चित्र गोठलं. पडद्यावर गर्दीतल्या कुणाचंतरी कोपर तेवढं दिसत राहिलं. पुढे त्याने नोकरी बदलली, मआमीर भागातल्या एका कारखान्यात लागला. त्या दिवसाबद्दल तो कधी बोलला नाही. मृणालीही बोलली नाही, पण ती विसरली नव्हती.

दत्तप्रसाद आत आला तो मुलीचा हात धरून. भक्ती दहा वर्षांची होती, दोन वेण्या घातलेली. आल्या आल्या तिने टेबलावरच्या काचेच्या गोळ्यातला खोटा बर्फ हलवून पाहिला.

"काय वहिनी, ओळख आहे ना?" तो खुर्चीत बसत म्हणाला. "परीक्षित कसा आहे?"

"बरे आहेत. बोला, भाऊजी."

त्याने फोन पुढे केला. बर्फावर स्कीइंग करायच्या एका पासची जाहिरात होती. एकच पास, सहा डोंगर, अख्खा हिवाळा. त्यातले दोन डोंगर जॉर्जियात होते, बाकीचे दूरच्या देशांत.

"हिच्या वर्गातली अर्धी पोरं बर्फावर जाऊन आली. मी हिला शब्द दिलाय, डोंगराच्या शेंड्यावर दोघं एकत्र जायचं. हिच्या आईला सलमानिया हॉस्पिटलात ड्युटी आहे, म्हणून आम्ही दोघंच. पास घेतला तर परवडेल ना?"

"काकू, वुई विल गो टू ऑल सिक्स," भक्ती म्हणाली.

मृणालीने खणातून कागदाच्या सहा क्लिपा काढून तिच्यासमोर ठेवल्या. मुलांशी बोलताना तिचा आवाज आपोआप सावकाश व्हायचा. "हे तुझे सहा डोंगर. आता सांग, शाळेला सुट्टी कधी?"

"डिसेंबर एंड. मग ईद."

"बरं. त्या सुट्टीत किती लांब जाता येईल? हे चार बघ. जायला दोन विमानं, मग बस. पोचून बूट घालेपर्यंत परत यायचा दिवस."

भक्तीने थोडा विचार केला आणि चार क्लिपा बाजूला सरकवल्या.

"आता ईद. मार्चमध्ये आहे. तेव्हा पप्पांना सुट्टी असते का?"

भक्तीने वडिलांकडे पाहिलं. दत्तप्रसाद हसला. "मार्चपासून आमचा सीझन सुरू. सगळ्यांना उन्हाळ्याआधी सर्व्हिसिंग हवं. तेव्हा मीच रजा घेतली तर पोरं काय म्हणतील?"

"हो, नियम आहे तुमचा," मृणाली म्हणाली. ते ऐकून त्याची नजर क्षणभर खाली गेली, पण लगेच तो फोनवर बोट फिरवू लागला.

"राहिला डिसेंबर," मृणालीने मुलीला कॅलेंडर दाखवलं. "नाताळापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिथे खूप गर्दी असते. तेवढे दिवस हा पास चालत नाही. त्या दिवसांचं वेगळं तिकीट काढायचं, तेही आत्ताच, नंतर मिळत नाही."

भक्तीने तारखांवर बोट ठेवलं, शाळेच्या सुट्टीवर ठेवलं आणि उरलेल्या दोन क्लिपा उचलून मृणालीच्या हातात दिल्या. "देन इट्स झिरो, पप्पा."

"गप गो. तुला काय कळतंय त्यातलं?" दत्तप्रसाद म्हणाला. "वहिनी, त्या बंद तारखा वगैरे नावाला असतात. तिथे आमचा शाहिद आहे हॉटेलात, फोन केला की काम होतं. आणि हिवाळाभर मी मोकळाच. थंडीत एसीवाल्याला कोण विचारतो?"

एसीच्या धंद्यात जन्म गेलेल्या माणसाला हिवाळा ओस पडलेला वाटतो. बहरीनला त्याची गरज नसते तेव्हाच सगळं जग डोंगरावर गर्दी करतं, हे त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

मृणालीची एक पद्धत होती. पैसे घेण्याआधी ती गिऱ्हाइकाकडून तारखा मोठ्याने म्हणवून घ्यायची. माणूस ऐकताना चुकतो, स्वतःच्या तोंडाने बोलला की थबकतो. गिऱ्हाईक उस्मान असो की मुनीरा, कुणालाही तिने त्याशिवाय सोडलं नव्हतं.

दत्तप्रसादला तिने तारखा म्हणायला लावल्या नाहीत.

"पासच देऊ?" तिने विचारलं.

"यल्ला, चला, काढा दोन."

दत्तप्रसादला पास कसा दिला, ते घरी तिने परीक्षितला सांगितलं. तो भाजी चिरत होता. चाकू थांबला. "पोरगीचं काय?"

"तिचं मी बघते."

"खलास कर गं आता हे."

"केलंय," ती म्हणाली.

डिसेंबर सरत असताना एका सकाळी तिचा फोन वाजला. मागे वारा होता आणि लाउडस्पीकरवर कुणीतरी घोषणा करत होतं.

"वहिनी, फाटकाचा दिवा लाल होतोय. दोन्ही पासना. इथली बाई म्हणते, आज हे चालतच नाहीत. तिकिटं संपली. शाहिद फोन उचलत नाही. काहीतरी करा. भक्ती बूट घालून उभी आहे."

"मी सांगितलं होतं भाऊजी. तिनेही सांगितलं होतं."

तो आवाज खाली आणून म्हणाला, "पोरीला शब्द दिलाय ओ."

मृणालीने खिडकीबाहेर पाहिलं. "डाव्या हाताला लाल तंबू आहे. तिथे लहान मुलांचा वर्ग असतो. भक्तीचं नाव घातलंय, पैसेही भरलेत. शिक्षिका तिला तारेवरच्या पाळण्यातून वर नेईल. तुमच्या कागदांत शेवटचं पान तेच होतं."

"आणि मी?"

"वर्ग मुलांचा आहे."

"मग मी करू काय?"

"खाली थांबा. व्हिडिओवर बघा," मृणाली म्हणाली. "आजकाल सगळां दिसता."

पलीकडे वारा तेवढा ऐकू येत राहिला. शब्द त्याला ओळखीचे वाटले असणार. मागून भक्तीचा आवाज आला, "पप्पा, इज इट ओके? कॅन आय गो?" मग फोन बंद झाला.

संध्याकाळी मृणालीच्या फोनवर भक्तीने एक व्हिडिओ पाठवला. परीक्षित नुकताच कामावरून आला होता. दोघांनी पलंगावर बसून तो पाहिला. आधी बर्फ, मग भक्तीचा हातमोजा, मग तिचं धापा टाकत हसणं. "काकू, आय ॲम ऑन द टॉप!" मग कॅमेरा खाली वळला. खोल खाली, फाटकाच्या अलीकडे, एक काळा ठिपका हात हलवत होता. मध्येच चित्र अडखळलं, ठिपका हात वर करून तसाच गोठला आणि तिथेच व्हिडिओ संपला.

मृणाली परीक्षितकडे बघत राहिली.

"पुन्हा लाव," तो म्हणाला.