मागच्या सीटवरचा वास

रुचीला चौथा महिना लागला आणि गाडीच्या मागच्या सीटवर तिला पेट्रोलचा वास येऊ लागला. सौंदडहून गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हणजे वाटेत गाडी थांबवून ओकायचं, हे ठरलेलंच. पोटात अन्न ठरेना, वजन वाढेना, आणि डॉक्टरीणबाई नेमकं त्यावरच बोट ठेवत. नवरा इंद्रकुमार माणूस लाखाचा, पण त्याच्या नाकाला काही लागत नव्हतं. दिवस गेले की बायकांना नाही नाही ते वास येतात, हे त्यानं कुठून तरी ऐकलं होतं, आणि एकदा ऐकलेलं तो सहसा सोडत नाही.

तिकडे स्टिअरिंगपुढचा इंजिनाचा पिवळा दिवा मात्र पेटत होता. कुडव्याच्या गॅरेजवाल्या भुपेंद्रनं मशीन लावून पाहिलं. टाकीतली वाफ कुठून तरी बारीक गळते आहे, असं मशीन सांगत होतं. त्यानं टाकीचं झाकण नवं बसवलं, दिवा विझवला. थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा हजर. गाडी तर मस्त पळते, दिव्याचं काय घेऊन बसलीस, असं इंद्रकुमारचं म्हणणं. रुचीनं मग बोलणंच सोडलं. आपलंच नाक खोटं असेल असं तिलाही वाटू लागलं, आणि ते ओकाऱ्यांपेक्षा वाईट होतं.

पुढच्या खेपेला सासू, सुमित्राबाई, कुणाला न विचारता गाडीत मागे रुचीशेजारी येऊन बसल्या. बाई फटकळ; रुची त्यांना वचकूनच असे. दवाखान्यातून निघाल्यावर त्यांनी गाडी कुडव्याला घ्यायला लावली. अशा दिवसांत बायकांना असं होतंच, असं भुपेंद्र हसत म्हणाला, तसं त्यांनी त्याला तिथंच अडवलं.

"मलेही वास येऊन राहिला. मी का पोटुशी आहो?"

भुपेंद्रनं धुराचं मशीन काढलं. टाकीच्या नळ्यांत धूर सोडला की फट असेल तिथून तो बाहेर येतो. गाडी वर उचलून भुपेंद्र आणि इंद्रकुमार खालून बॅटरी मारत राहिले, पण धुराचा पत्ता नाही. भुपेंद्र मशीन बंद करणार, तेवढ्यात रुची बोलली.

"खालून नाही, वास सीटमधून येते."

आवाज बारीकच होता, पण सासू शेजारी उभी होती म्हणून निघाला. गाडी खाली घेतली, मागची सीट उचलली, आणि तिच्याखालच्या पत्र्याच्या फटीतून धूर वर आला. टाकीवरची वाफेची नळी उंदरांनी कुरतडली होती. उन्हानं रंग उडतो म्हणून गाडी कोठारात धानाच्या पोत्यांशेजारी उभी करायचा हुकूम सुमित्राबाईंचाच. "माहीच अक्कल," म्हणून त्यांनी विषय संपवला. इंद्रकुमार ओशाळला. नळी बदलून होईपर्यंत त्यानं कुठून तरी लिंबूपाणी पैदा केलं आणि रुचीच्या हातात दिलं.

परतीच्या वाटेवर रुचीला चक्क भूक लागली. पुढं गाणी वाजत होती. आता तुम्हालाही वास येत नाही ना, असं तिनं सासूला विचारलं.

"मले कायचा येते?" सुमित्राबाई हळूच म्हणाल्या. "करोना झाला तवापासून कशाचाच वास येत नाही. कोणाले सांगू नको."

"मंग तिथं काऊन म्हटलं जी, आई?"

"तुले येत होता ना."

रुचीचे डोळे भरून आले. या घरात आपल्याला आई आहे, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. तिनं सासूचा हात धरला. सौंदड येईपर्यंत सुमित्राबाईंनी तो सोडवून घेतला नाही.