करोडगिरीचं साल

निताला ते वाक्य तोंडपाठ झालं होतं आणि दर वेळी तिच्या अंगाची लाहीलाही होत होती. ‘पहिल्या महायुद्धानंतर पैनगंगेच्या नाक्यांवर निजाम सरकारची करोडगिरी निम्म्याने घसरली, कारण लमाणांनी चोरवाटांनी माल पार केला.’ करोडगिरी म्हणजे निजामी अमलातली जकात. पैनगंगेपलीकडचं वऱ्हाड इंग्रजांच्या हाती, म्हणून निजामाच्या हिशेबी ते परदेश! बैल अलीकडून पाण्यात उतरला आणि पलीकडे चढला, की झाला विदेशी व्यापार.

हिंगोली जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं आणि कॉलेजने जिल्ह्याचा इतिहास छापायला घेतला होता. व्यापाराचं प्रकरण विश्वजीत सरांचं. सर अभ्यासू माणूस, पण आपलं चुकू शकतं ही शंका त्यांना आयुष्यात फार वेळा आलेली नसावी. निता राठोड, स्वतः लमाणांच्या तांड्यावरची, त्याच कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवायची, म्हणून प्रुफं तपासायचं फुकटचं काम तिच्या गळ्यात पडलं. सोमवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. एकदा छापलं की गावोगावच्या शाळांत तेच वाचलं जाणार आणि तांड्यावरची लेकरं खाली मान घालून ऐकणार. ते वाक्य निघालंच पाहिजे, एवढं तिचं ठरलं होतं. कशाच्या जोरावर, तेवढं मात्र सुचत नव्हतं.

गुरुवारी ती प्रुफं घेऊन साखऱ्याजवळच्या तांड्यावर, घरी आली. तिचे वडील सुदाम अंगणात दोर वळत बसले होते. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, पण लेक वाचायला बसली की शेजारी बसून ऐकायचा त्यांना भारी नाद. निताने त्या वाक्याखालचा सरांचा करोडगिरीचा तक्ता वाचायला घेतला, “नाका पैनगंगा, माहे बहमन, सन तेराशे चाळीस. म्हणजे इसवी एकोणीसशे एकवीस-बावीस...”

“थांब. बहमन म्हनलीस?”

“व्हय बा. काहून?”

“मंग एकवीस साल कुटून आलं? बहमन, आजूर हे फसलीचे, निजामाच्या सारावसुलीच्या सालाचे महिने. मोहरम, रमजान असते तर मुसलमानी साल. फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे.”

हे ज्ञान सुदामना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना निजामाच्या वेळी जमिनीचा पट्टा मिळाला, त्यावर ‘माहे बहमन, सन १३५५ फसली’ असं लिहिलेलं. जमीन आपलीच आहे हे पटवायला सुदामनी तहसीलच्या इतक्या खेपा घातल्या, की कारकुनाने तोंड उघडायच्या आत ते साल इसवीत फिरवून सांगायचे. तांड्यातल्या प्रत्येक पट्टेदाराला ती बेरीज येत होती. प्राध्यापकांना मात्र जुना उर्दू कागद म्हणजे हिजरी साल, एवढंच ठाऊक!

निताने बेरीज केली. एकोणीसशे तीस! महायुद्ध संपून बारा वर्षं झालेली, जगभर मंदी पसरलेली, कापसाला कुणी विचारत नव्हतं. करोडगिरी घसरणारच. त्यात लमाणांनी काय केलं होतं? ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं.

मग खरी युद्धानंतरची सालं कुठं होती? शुक्रवारी सकाळीच ती हिंगोलीत उद्धवरावांच्या दारात उभी राहिली. तहसीलमधून निवृत्त झालेल्या याच उद्धवरावांनी सरांना उर्दू कागद वाचून दाखवले होते.

“फसलीच आहे की ते,” उद्धवराव चष्मा पुसत म्हणाले. “कागदाच्या कपाळावर लिहिलंय. त्यांनी आकडे मागितले, मी आकडे सांगितले. मला विचारलं कुणी?”

दोघांनी मिळून उद्धवरावांकडच्या गठ्ठ्यातून १३२९ ते १३३१ फसलीचे, म्हणजे युद्धानंतर लगेचचे, कागद काढले. सबंध गठ्ठ्यात करोडगिरी सगळ्यात जास्त जमली होती ती याच तीन सालांत. आणि भरणाऱ्यांची नावं? उद्धवराव वाचत गेले आणि निता एकेक नाव उतरवून घेत गेली.

शनिवारी दुपारी ग्रंथालयात संपादक मंडळ बसलं. निताने हट्टाने बांना सोबत आणलं होतं. ते दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर टेकले.

“राठोड मॅडम, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे,” विश्वजीत सर समजुतीच्या सुरात म्हणाले, “पण इतिहासात भावना चालत नाहीत.”

“भावना नाही सर, महिना. हिजरीत बहमन कधी येतो?”

सरांनी तक्ता ओढून घेतला. बहमनवर बोट ठेवलं, ओठातल्या ओठात बेरीज केली, पुन्हा केली. त्यांचे कान लाल झाले. पण माणूस अस्सल अभ्यासक निघाला. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि ते वाक्य या टोकापासून त्या टोकापर्यंत खोडलं. “माझी चूक झाली,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मग निताने खरी यादी वाचली. सेवा नाईक, तांडा साखरा, बैल ऐंशी, सरकी, करोडगिरी भरली. भिवाजी लमाण, बैल चाळीस, मीठ, भरली. संतराम नाईक, भरली. पान उलटलं तरी नावं संपेनात. तिचा आवाज चढत गेला आणि तिने तो चढू दिला. कुणी थांबवलं नाही.

“हे सगळं प्रकरणात जाईल,” सर म्हणाले. “आणि चूक सुदाम राठोड यांनी दाखवली, अशी तळटीप मी स्वतः लिहितो.”

सुदाम उठून उभे राहिले. हात जोडून म्हणाले, “माझं नाव ऱ्हाऊ द्या, सायेब. मी निस्ती बेरीज केली. सेवा नाईकाचं लिव्हा, वर, मोठ्या अक्षरात. चोर म्हनून घेतलं त्यानं, अन् सरकारचा पैसा बराबर भरला व्हता.”

सरांनी कोरा कागद घेतला, ‘सेवा नाईक, तांडा साखरा’ ही अक्षरं सगळ्यात वर लिहिली आणि प्रकरणाचं पुढचं लिहायला पेन निताच्या हाती दिलं.