बसलिंगप्पांच्या चार हजार शिफारशी

निलंग्याचे बसलिंगप्पा तेवीस वर्षं एकच काम करत आले होते: बोअरमध्ये अडकलेली मोटर बाहेर काढायची. पाइप तुटतो, केबल तुटते आणि मोटर चारशे-पाचशे फुटांवर जाऊन बसते. मग बसलिंगप्पा जीपमध्ये कॅमेरा, तिपाई आणि स्वतः ठोकून घेतलेले लोखंडी गळ घालून येतात, बोअरच्या तोंडाशी उकिडवे बसतात आणि तास तास कुणाशी बोलत नाहीत. मोटर वर आली की चहा मागतात.

धंद्याचे फोन त्यांची बी.एस्सी. झालेली मुलगी जगदेवी घ्यायची. हल्ली मोटर पडली की लोक आधी मोबाइलवर शोधतात हे तिनं हेरलं आणि खटपट करून वेबसाइट बनवली. फोटो, नंबर, गावांची नावं, सगळं त्यात होतं. फक्त गूगलवर शोधलं की ती चौथ्या पानावर यायची, आणि बोअर बंद पडलेला माणूस चौथ्या पानापर्यंत जात नाही. सगळ्यात वर असायचे उदगीरचे गुरुपादप्पा. त्यांच्या वेबसाइटला एकच पान, त्यावर एक फोटो महादेवाचा आणि एक गळाचा.

जगदेवीनं नांदेडच्या वीरेशला फोन लावला. वेबसाइट वर आणून देतो, अशी त्याची जाहिरात होती.

"ताई, तुमच्याकडं बॅकलिंकच न्हाईत," वीरेश म्हणाला. "म्हणजे दुसऱ्याच्या वेबसाइटवरून तुमच्याकडं येणारी लिंक. गूगल तिला शिफारस समजतं. मी चार हजार टाकून देतो."

"चार हजार लोक आमची शिफारस करतील?"

"लोक न्हाई ताई. वेबसाइटा."

हा फरक जगदेवीला तेव्हा फार मोठा वाटला नाही. तिनं होकार दिला.

बाराव्या दिवशी वेबसाइट पहिल्या पानावर आली. जगदेवीनं मोबाइल अप्पांपुढं धरला. अप्पा "बरं" म्हणाले आणि गळाला तेल लावत राहिले. महिनाभर फोन खणखणले. मग एकाएकी थांबले. 'बसलिंगप्पा निलंगा' असं पूर्ण नाव टाकलं तरी काही दिसेना. गूगलची सूचना येऊन पडली होती: तुमच्या वेबसाइटकडे अनैसर्गिक लिंक येत आहेत, म्हणून कारवाई केली आहे.

जगदेवीनं लिंकांची यादी काढली आणि अप्पांना वाचून दाखवली. ऑनलाइन जुगार. वजन कमी करायच्या गोळ्या. ब्राझीलमधले नवरीचे पोशाख. कुत्र्यांचं राशिभविष्य.

"हे कुत्र्याचं भविष्य सांगणारे आपल्याला वळखतात?" अप्पांनी विचारलं.

"न्हाई अप्पा."

"मग आपली शिफारस कशाला करायलेत?"

फोन बंद झाल्याचं अप्पांना फारसं वाटलं नव्हतं. पण ज्यानं आपलं काम पाहिलं नाही त्यानं आपल्याला चांगलं म्हणावं, हे त्यांना लागलं.

ती एसटीनं नांदेडला गेली. वीरेशनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, माझी बी वेबसाइट गेली," तो म्हणाला. "आता मी पेपरात जाहिरात देतो."

त्यानं निदान सगळ्या लिंकांची यादी दिली आणि त्या नाकारायच्या कशा हे दाखवलं. जगदेवीनं आधी लिंक काढा म्हणून एकेका वेबसाइटला पत्रं लिहिली. नवरीचे पोशाख विकणाऱ्या बाईनं तेवढी क्षमा मागितली. उरलेल्या लिंका मोजू नका असं कळवून तिनं गूगलला कारवाई मागे घेण्याचा अर्ज केला. पहिला अर्ज नाकारला गेला, कारण त्यात तिनं दोष वीरेशवर ढकलला होता आणि निम्म्या लिंका राहून गेल्या होत्या. दुसऱ्यात तिनं राहिलेल्या लिंका घातल्या आणि लिहिलं, आम्हीच विकत घेतल्या, चुकलो. तो मंजूर झाला. वेबसाइट परत आली, चौथ्या पानावर.

मग तिनं गुरुपादप्पांकडे कोण लिंक देतं ते तपासलं. तीनच निघाल्या. कृषी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकांनी त्यांच्या गळावर लेख लिहिला होता, एका ग्रामपंचायतीनं आभार मानले होते आणि धर्माबादच्या शेतकऱ्यांच्या एका कंपनीनं उपयोगी लोकांच्या यादीत त्यांचं नाव घातलं होतं. तिघांकडे जाऊन त्यांनी खरोखर मोटर काढली होती. हे बघता बघता तिची नजर त्यांच्या फोन नंबरवर गेली. तिनं आकडे तीनदा मोजले. नऊच होते.

ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, हे तिच्या मनात आलंच. तरी तिनं अप्पांना सांगितलं.

"उदगीरला जाऊन सांगून ये," अप्पा म्हणाले.

"फोनच करते की."

"नऊ आकड्यांवर लागंल?"

गुरुपादप्पा घराच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. भाच्यानं वेबसाइट बनवून दिल्याला दोन वर्षं झाली होती आणि तिच्यावरून एकही फोन आला नव्हता.

"मला वाटलं, मोटरी चांगल्या यायला लागल्या," ते म्हणाले.

जगदेवीनं त्यांच्याच मोबाइलवर नंबर दुरुस्त केला. तू हे कशाला सांगायला आलीस, असं त्यांनी विचारल्यावर तिनं चार हजार लिंकांसकट सगळं सांगितलं. गुरुपादप्पा हसले नाहीत.

"तुझ्या अप्पाचं काम मी बघितलंय. भोकरकडं एका बोअरमध्ये माझाच गळ अडकला होता. मी हात टेकून निघून आलो. त्यांनी मोटर बी काढली आन माझा गळ बी. परत पाठवला, पुसून."

हे अप्पांनी घरी कधी सांगितलं नव्हतं.

"घे, लिही माझ्या वेबसाइटवर," गुरुपादप्पा म्हणाले. "निलंगा, औसा, देवणीकडं असाल तर बसलिंगप्पांना बोलवा. माझा अडकलेला गळ त्यांनी काढलाय."

"काका, गळ अडकल्याचं लिहायचं?"

"अडकला होता ना? मग लिही."

तिनं शब्दाला शब्द लिहिलं आणि खाली अप्पांच्या वेबसाइटची लिंक जोडली. गुरुपादप्पांनी प्राध्यापकांनाही फोन लावला. त्यांनी निलंग्याला येऊन अप्पांचे गळ पाहिले, दोन बोअरवर सोबत बसले आणि मगच लेखात अप्पांवर एक परिच्छेद वाढवला.

तीन-चार महिन्यांत वेबसाइट पहिल्या पानावर आली, पाचव्या जागी. जगदेवीनं पुन्हा मोबाइल अप्पांपुढं धरला. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि गुरुपादप्पांनी लिहिलेलं दोनदा वाचलं.

"आपल्या म्होरं कोण हाय?"

"काका. मग तीन मोटर विकणारी दुकानं."

"असू दे. आधी विकल्याशिवाय पडंल कशी," अप्पा म्हणाले आणि तिपाई जीपमध्ये टाकायला उठले. औरादच्या बाजूला सहाशे फुटांवर एक मोटर गेली होती.