डावरा शिपाई

“सरक की गं जरा! तुझ्या बुचड्याआड आख्खी पलटण गडप झाली माझी.”

बयाबाईनं हे पुढच्या बाईला म्हटलं खरं, पण तिचं तोंड माझ्या कानाशी होतं, त्यामुळं ऐकलं मीच. पुढची बाई काही सरकली नाही. ती राहीबाई होती आणि गुडघ्यांवर उभी राहून पडद्याकडं बघत होती. बघता बघता ती ओरडली, “आकाराम! आरं आकाराम!”

चव्वेचाळीस साल. जत्रेसाठी आमच्या गावात टाकीचा, म्हणजे सिनेमाचा, तंबू लागला होता. बोलपटाआधी लढाईची चित्रं दाखवायची असा सरकारचा हुकूमच होता त्या दिवसांत. पडद्यावर कुठल्याशा परमुलखात शिपाई जेवायला बसले होते. त्यातल्या एकानं डाव्या हातानं घास तोंडात घातला. एवढंच. मग चित्र बदललं आणि तोफ आली. राहीबाईच्या लेखी मात्र तोफ आलीच नाही. ती खाली बसली आणि सुनेचा दंड धरून म्हणाली, “बघितलंस न्हवं? डाव्या हातानं जेवला. जित्तं हाय माझं लेकरू.”

सून म्हणजे अंजना.  तिनं दंड सोडवून घेतला नाही.

आकाराम हा राहीबाईचा एकुलता एक. जन्माचा डावरा. साताऱ्याला जाऊन पलटणीत भरती झाला, लग्नाची हळद जेमतेम उतरली तोवर बोटीवर चढला आणि मिसरकडच्या वाळवंटात बेपत्ता झाला. कागदात बेपत्ता एवढंच होतं. त्याच्याच पलटणीतला, आमच्याच गावचा, गुंडा नावाचा शिपाई रजेवर आला, तेव्हा आकाराम बसलेली गाडी आपल्या डोळ्यांदेखत कशी पेटली आणि त्यातून कुणी कसं उतरलं नाही, ते त्यानं चावडीवर सगळ्यांना सांगितलं. राहीबाईच्या दारात मात्र “यील की वो मावशी” म्हणून चहा पिऊन गेला. चावडीवरचं बोलणं चुलीपाशी यायला आमच्याकडं संध्याकाळ लागत नाही. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. अंजनालाही. पण राहीबाईसमोर कुणी शब्द काढायचा नाही, असं न ठरवताच ठरलं होतं.

अंजनाची विशी नुकती कुठं आली होती. नवऱ्याचं नाव तिनं लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आमच्यात विधवेचा पाट लागतो. तिचा बाप केरबा वाईकडचा. बेपत्त्याची वाट किती दिवस बघायची, म्हणून त्यानं तिकडंच एक माणूस बघून ठेवला होता, पहिली बायको बाळंतपणात गेलेला. राहीबाई रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही, आणि शेवटी, पुनवेला येऊन लेकीला घेऊन जा, असा तिनंच निरोप धाडला. पुनव चार दिवसांवर आली आणि पडद्यावर हा घास आला.

आता आम्ही बसलो कुठं होतो ते सांगायला हवं. तंबूच्या मधोमध पडदा असायचा. त्याच्या पुढं पुरुष आणि मागं बाया. आमच्या बाजूला चित्र उमटावं म्हणून मालक खेळाआधी कापडावर बादलीनं पाणी मारायचा. पाणी वाळत जाईल तसा नायक फिका पडायचा, त्यामुळं शेवटी जे काही बरं होणार असेल ते आम्हाला नेहमी अंधुकच दिसलं. बोलपट आले तेव्हा कर्णा बसवला तोही पडद्यामागं, म्हणजे आमच्या उरावर. पुरुषांना चित्र आणि आम्हाला कानठळ्या, अशी वाटणी.

मी वाचायला शिकले ती त्याच जागी, मुक्या सिनेमांच्या काळात. पडद्यावर ओळी उमटायच्या, पलीकडं कुणी तरी त्या मोठ्यानं वाचायचा, आणि अलीकडं मी त्याच ओळींवरून उलट्या बाजूनं नजर फिरवायची. लागली हळूहळू अक्षरं. पुढं सरळ पुस्तक हाती आलं तेव्हा हेच उलटं छापलंय असं वाटलं मला. तर त्या शिपायाचा हात कुठला, हे मला जागच्या जागी कळलं होतं. त्या चित्रात मोटार हाकणारा, पाणी वाढणारा, सलाम ठोकणारा सुभेदार, सगळी पलटणच डावरी होती. राहीबाईनं त्यातला एकच बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्याच खळ्यावर हळद निवडायला बसलो. शिजवून वाळवलेली हळद. गड्डे एकीकडं टाकायचे, हळकुंडं एकीकडं. हात कामात आणि तोंडं सिनेमात. त्या बोलपटातली बाई दर्यावर गेलेल्या नवऱ्याची बारा वर्षं वाट बघते, आणि अगदी शेवटी तो परत येतो, अशी गोष्ट होती.

“बाई असावी तर अशी,” बयाबाई म्हणाली. “बारा वर्सं दारात दिवा लावला. एक दिस चुकली न्हाई.”

“राकेल कुठनं आणलं?” अंजनानं विचारलं.

“आं?”

“न्हाई, बारा वर्सं दिवा लावला म्हंता. हितं बाटलीभर राकेलला दिसभर रांगंत हुभं ऱ्हावं लागतंय.”

सगळ्या हसल्या. राहीबाई हसली नाही. “शेवटाला आला का न्हाई त्यो? त्ये बघ की.”

“आला की,” मी म्हटलं. “केसांना पीठ लावून आला. गडी म्हातारा झाला न् हिच्या तोंडावर सुरकुती न्हाई. वाट बघून कांती सुधारती जणू.”

“सुले, तुला कशातच ग्वाडी न्हाई,” बयाबाई म्हणाली. “पर खरं सांगू? शिनेमा बोलाय लागला तशी त्येची चव गेली. मुका व्हता तवा बरा व्हता. देव इमानातनं उतरायचा, राक्षेसाचं मुंडकं गडगडत जायाचं. बाई नुसती व्हट हलवून रडायची. काय म्हणत आसंल त्ये आपलं आपुन म्हणायचं. ज्येला जे पायजे त्येला त्ये ऐकू यायचं.”

“व्हय, त्ये खरं,” राहीबाई म्हणाली.

“आन् पदराचं काय ह्ये? सवाष्ण बाई दाखवत्यात न् पदर उजव्या खांद्यावर. आज न्हवं, पयल्यापास्नं बघतीया मी. म्हमईत काय खांदं बदलून देत्यात काय?”

यावर विजयमाला खुदकन हसली. विजयमाला ही बयाबाईची भाची. नवरा माधवनगरच्या गिरणीत, त्यामुळं तिनं सांगलीच्या थेटरात खुर्चीवर बसून सिनेमे बघितलेले. जत्रेला म्हणून ती आली होती. “आगं मावशी,” ती म्हणाली, “डाव्याच खांद्यावर असतो पदर त्यांचा. आमी समोरनं बघतो की सांगलीला. तुमी बघता मागनं. पडद्यामागनं सगळंच उलटं दिसतं. डावं ते उजवं न् उजवं ते...”

आणि थांबली. तिच्या हातातलं हळकुंड तसंच हातात राहिलं.

खळ्यावर नुसता हळदीचा खडखड आवाज. तोही एकट्या राहीबाईच्या हातचा, कारण बाकीच्यांचे हात थांबले होते. ती खाली मान घालून निवडत होती. अंजना तिच्याकडं बघत होती, डोळे न हलवता.

जन्मात कधी बोलपटाला बरं न म्हटलेली बयाबाई घाईनं म्हणाली, “गाणी मात्र ग्वाड व्हती हां.”

“व्हय बाई, लय ग्वाड,” सगळ्या म्हणाल्या. मीही म्हटलं.

त्यानंतर राहीबाई रोज खेळाला जायची. अंजनाला घेऊन. लढाईची चित्रं तीच असायची, घासही तोच. तो गेला की ती उठायची. पुढं बारा वर्षं कोण कुणाची वाट बघतंय याच्याशी तिला घेणं नव्हतं. मालकाला तिची दया आली. “आजी, म्होरं या बसायला,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या बायांना कोन काय म्हणत न्हाई.”

“नगं रं बाबा. मी आपली हितनंच बघती. हितनं ब्येस दिसतंय.” वर म्हणाली, “पानी मातुर दाबून मार.”

तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही.

गावानं मात्र माणुसकी दाखवली. पुरुषांनी समोरनं सरळ बघितलं होतं, तरी चावडीवरनं जाता जाता म्हणू लागले, “दिसतोय खरा आकारामावानी. खांदं बघा की.” खोटं बोलायला सगळं गाव पुढं होतं. त्याची झीज सोसायची होती अंजनानं.

पुनवेच्या आदल्या दिवशी केरबा आला. वाईहून सातारा, साताऱ्याहून इकडं, अंगावर धुळीचा थर. काखेत गठुडं, त्यात लेकीसाठी लुगडं. राहीबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि म्हणाली, “पाव्हणं, आधी जावयाला बघून या. मग बोलू.”

तो संध्याकाळी गेला आणि पुरुषांत बसला. सकाळी खळ्यावर आला तो कडेला दगडावर टेकला आणि तंबाखू मळत राहिला.

“बघितलं न्हवं?” राहीबाईनं विचारलं.

“बघितलं की. तंबू लय मोठा हाय.”

“आन् शिनेमा?”

“बरा व्हता. आमच्या वक्ताला देवाधर्माचं आसायचं त्ये जरा बरं. आता समद्या रडक्या बाया.”

“आन् लढाईचं?”

“तोफा लय दणादण उडत्यात.”

“आन् जेवणारा?”

केरबानं चुना लावला. पुन्हा मळली. आधीच मळून पीठ झालं होतं तिचं. “गर्दी व्हती, इहीणबाई. म्होरं एकाचं पागोटं आलं.”

“डाव्या हातानं जेवत व्हता का न्हाई, तेवढं सांगा.”

त्यानं माझ्याकडं बघितलं, बयाबाईकडं बघितलं. आम्ही दोघी हळद बघत होतो. लेकीकडं काही त्याला बघवलं नाही. “जेवत व्हता बाई,” तो म्हणाला. “प्वाटभर जेवत व्हता.”

“मग? जित्त्या न्हवऱ्याची बायकू पाटाला देता व्हय?”

“न्हाई, तसं कसं...” तो उठला. गठुडं हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. “मग येतो मी. त्या मानसाला किती दिस थांबवू? त्येची दोन लेकरं हाईत. त्यो बघंल आपली दुसरी. अंजे, नीट ऱ्हा बाळा.”

“त्या शिनेमातली न्हाई का थांबली,” बयाबाई पुटपुटली. समजूत घालायची म्हणूनच बोलली ती. बयाबाई वाईट बाई नाही.

अंजना उठली. कोपरापर्यंत हात पिवळे होते. तिनं ते पुसले नाहीत.

“आबा, खाली बसा,” ती म्हणाली.

तो बसला.

“आत्या, काल पानी कमी मारलं म्हणून तुमी मालकाला हाक मारत व्हता. तवा मी पडद्याच्या कडंनं म्होरं गेलती. पुरुषांत. आबांच्या मागंच हुभी व्हती. कुनी बघितलं न्हाई, समद्यांच्या माना वर.”

“गप ऱ्हा, अंजना,” बयाबाई म्हणाली.

“त्यो उजव्या हातानं जेवतोय, आत्या. म्होरनं तोंड बी नीट दिसतंय. गालावर देवीचं वण हाईत. दुसऱ्या कुनाचं तरी लेकरू हाय त्ये. त्येच्या आईला दिसावं, एवढंच म्हनलं मी आन् माघारी आले.”

 विजयमालानं तोंडाला पदर लावला, डाव्या खांद्यावरचा. राहीबाई निवडत होती, पण गड्डा हळकुंडांत पडत होता आणि हळकुंड गड्ड्यांत.

“जेवताना मी त्येचा डावा हात पदरानं बांधून ठेवायची,” ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. “लोक नावं ठेवत्यात म्हणून. उजव्या हातानं खाईना. उपाशी ऱ्हायचा. लय मारलं म्या त्येला त्या हातापायी. आन् परवा त्यो हात दिसला, तर वाटलं, आता काय बी कर बाबा. कुठल्या बी हातानं खा.”

“मला ठाव हाय,” अंजना म्हणाली. “ह्येनी सांगितलं व्हतं मला.”

“मग ऱ्हाऊ दे की गं तसंच. तुझं काय जातंय?”

हे बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण हात थांबले. काय जात होतं ते पिवळ्या हातांनी समोर उभं होतं आणि दगडावर गठुडं मांडीवर घेऊन बसलं होतं. आम्ही सगळ्या वाट बघत होतो की कुणी तरी म्हणेल, गाणी ग्वाड व्हती. कुणी म्हटलं नाही.

अंजना सासूपुढं खाली बसली. तिचे दोन्ही हात तिनं हातात घेतले. तिचेही पिवळे, हिचेही पिवळे. आणि लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदा तिनं नवऱ्याचं नाव घेतलं.

“आकाराम मेला, आत्या.”