मायलेकींचं रक्त

डॉक्टर पद्मजा पुण्याहून येऊन जयगडच्या खाडीकाठी घरोघर रक्त मागत फिरायला लागल्या, तेव्हाच मरियमच्या मनात पाल चुकचुकली. पोटुशी आहे लेक निदा. मग आईचं रक्त कशाला?

"गरोदरपणी इथल्या बायकांचं बीपी चढतं, पुढे साखर, हृदयाचा त्रास," डॉक्टरांनी समजावलं. "आईकडून लेकीकडे काय येतं ते रक्तात शोधतोय. नळीवर नाव नसतं, नुसता नंबर."

नंबर म्हणे! ज्या गावात कुणाकडे कुठली मासळी शिजतेय ते चार घरांपलीकडे कळतं, तिथे नंबर काय झाकणार? मरियमने चहा पाजला, हात मात्र ओढणीतून बाहेर काढला नाही.

"तुमच्या बाळंतपणात काही त्रास? झटके वगैरे?"

"नाय बा. अल्लाच्या मेहेरबानीनं सगळं नीट झालं."

धडधडीत खोटं. निदाच्या वेळी राजापूरला, माहेरी, तिला झटके येऊन दातखीळ बसली होती. घरच्यांनी 'बाहेरचं आहे' म्हणत ताईत बांधला आणि तोंडाला कुलूप लावलं. नवरा हमीद तेव्हाही आखातात होता. त्यालाही पत्ता नव्हता. आता ते फुटलं तर? निदाच्या धाकट्या दिराशी, फुजैलशी, तिच्या धाकट्या बहिणीचं, महरीनचं, लग्न ठरलं होतं. दोघी बहिणी एका घरात, आईला आणखी काय हवं? पण त्या घरातली विहीण खैरूनबी म्हणजे दुधातही खडा शोधणारी बाई.

पहिलं बाळंतपण म्हणून निदा माहेरी आलेली. तिला बघायला खैरूनबी आली, आणि नेमक्या त्याच दुपारी डॉक्टरही दारात हजर. या दोघींनी आधीच संगनमत केलंय की काय, असं मरियमला वाटून गेलं.

डॉक्टरांनी निदाचे सुजलेले पाय पाहिले, बीपी घेतलं. "थोडं चढलंय. तसं उद्या परत बघता येईल. पण घरात कुणाला झटके आले असतील, तर मी आजच रत्नागिरीला हलवीन."

"आमच्यात नाय कुणाला," खैरूनबी म्हणाली. "आणि मरियमबी, तुमच्यात?"

"तुमचं ता रक्त सांगेल ना?" मरियमने डॉक्टरांनाच विचारलं.

"त्याला वर्षं लागतील हो. निदाला त्याचा काय उपयोग?"

निदा आईकडे बघत होती. लेकीच्या सुजलेल्या चेहऱ्यात मरियमला स्वतःचा तेव्हाचा चेहरा दिसला आणि ती अशी घाबरली की लाजलज्जा सगळी गळून पडली.

"माका आले होते," ती म्हणाली. "हिच्याच वेळी."

रत्नागिरीला पोचेपर्यंत निदाचं डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथल्या डॉक्टरांनी पोट उघडून बाळ काढलं. मायलेक दोघंही वाचली.

खैरूनबीने नातवाच्या कानाशी दुवा पुटपुटली, सुनेला स्वतःच्या हाताने पेज भरवली. मरियम सुखावली. मग निघताना दवाखान्याच्या व्हरांड्यात विहीण हळूच म्हणाली, "महरीनचं आता राहू दे, मरियमबी. घरात एक पुरे."

म्हणजे सोयरीक मोडायची भीती खोटी नव्हतीच. मरियम ढसाढसा रडली, विहिणीला मनसोक्त शिव्या दिल्या. नातवाला मांडीवर घेतल्यावरही राग निवला नाही. पण 'माका आले होते' हे पुन्हा बोलायची वेळ आली असती तर ती पुन्हा बोलली असती.

डॉक्टर पद्मजा बाळाला बघायला आल्या. या वेळी त्यांनी रक्ताचं नावही काढलं नाही. मरियमनेच बाही वर सारून हात पुढे केला.

"घ्या. माजा झाला की महरीनचाही घ्या. तिच्या बाळंतपणात तरी खरं कळायला कुणाच्या तोंडाकडे बघत बसायला नको."