फाट्यावरचं गोणपाट

कुंदाबाईंनी गोणपाट दोनदा झटकलं, डांबरी रस्त्याच्या मधोमध अंथरलं आणि गुडघ्यांवर हात रोवून त्यावर बसल्या. बसताना कण्हल्या. छत्तीस वर्षांपूर्वी याच जागी बसल्या तेव्हा तोंडातून फक्त घोषणा निघाल्या होत्या.

"काकू, उठा ना. लोक बघताय."

रिद्धी फाट्यावरच्या किराणा दुकानदार भिकमचंदांची नात, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तिच्यामागे आठ मुली, पाठीला पिशव्या, तोंडाला ओढण्या.

"बघू दे. त्यासाठीच बसली मी."

आजपासून हिवरफाट्यावर एसटी थांबणार नव्हती. आगारातल्या नव्या साहेबांच्या यादीत असा थांबाच नव्हता, आणि तिकिटाच्या यंत्रात इथून चढलेले प्रवासी शून्य. शून्य खरंच होतं. एकोणनव्वद साली पोरापोरींनी तीन दिवस रस्ता अडवला, चौथ्या दिवशी शिंदखेडा-धुळे गाडी दोन हॉर्न देऊन इथे उभी राहिली. तेव्हापासून रोज राहते. पण तिकीट, पास, सगळं मागच्या गावाचं. जिंकल्याच्या भरात कोणी काही लिहून घेतलंच नाही. पोरांच्या पुढारी कुंदाबाई. म्हणजे ती चूक त्यांचीच.

त्या गाडीत त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. पेपरात फोटो आला, तो वडलांनी पाहिला आणि कॉलेजातून नाव काढून आणलं. पुढे लग्न गावातच झालं, फाट्यावर चहाची टपरी टाकली, आणि रोज सकाळी ते दोन हॉर्न ऐकले.

वळणावर गाडी दिसली. कुंदाबाईंनी पदर खोचला.

दोन हॉर्न वाजले. गाडी दहा हातांवर उभी राहिली. धनसिंग ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं.

"काय करी ऱ्हायनी, अक्का? चहा कोन करी?"

"मी उठाव नही, भाऊ. तुमले थांबानं नही ना? मंग जा अंगवरथून."

कंडक्टर शहजादी खाली उतरली. तिशीतली, खांद्याला तिकिटाचं यंत्र. हातातला आदेश तिनं मोठ्यानं वाचला: हिवरफाट्यावर गाडी थांबवू नये. मग त्याची घडी घालून खिशात ठेवली आणि दुसरा कागद काढला.

"मावशी, मला थांबवता येत नाही. पण रस्त्यात माणूस बसलं तर थांबवावीच लागते. आणि उशीर झाला की कारण लिहावं लागतं." ती लिहीत गेली. "ठिकाण, हिवरफाटा. कारण, महिला रस्त्यात बसली. चढलेल्या मुली, नऊ."

"असं किती दिवस लिहिशील?"

"तुम्ही बसाल तितके. रोज तेच नाव वाचून साहेब एक तर ते यादीत घालतील, नाही तर मला बदलीवर लांब पिंपळनेरला पाठवतील." ती हसली. "अकरावी ते बी.ए. मी इथूनच चढली. माझा पासपण मागच्याच गावाचा."

कुंदाबाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

रिद्धी पुढे आली. "रोज काकूच कशाला? उद्या मी बसते. परवा ही रूपल."

"पेपरात फोटो आला तर? आजोबांना चालेल?"

"गोणपाट कोणी दिलं तुम्हाला?"

कुंदाबाईंनी खाली पाहिलं. पहाटे भिकमचंदांनी काही न विचारता नवंकोरं काढून दिलं होतं.

"महिलेचं पूर्ण नाव लागेल, मावशी," शहजादी म्हणाली.

कुंदाबाई उठल्या. नवऱ्याचं नाव ओठांपर्यंत आलं होतं. ते तिथंच ठेवून त्यांनी कॉलेजच्या हजेरीतलं नाव सांगितलं.

"कुंदा झुलाल पाटील."

मग गोणपाट झटकून रिद्धीच्या हातात दिलं, टपरीकडे एकदा पाहिलं आणि मुलींच्या मागोमाग गाडीची पायरी चढल्या.

शहजादीनं नऊवर रेघ मारली आणि दहा लिहिले.