अकरा वेळा
सन छप्पनच्या उन्हाळ्यात विणकर जागेश्वरला रक्ताची हगवण लागली, ती दोन महिने हटली नाही. शेवटी बायको चंद्रकला त्याला रिक्षात घालून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आली.

डॉक्टर सुमतीबाईंनी दुर्बिणीची नळी खालून आत घालून पाहिलं. आतड्याला आतून व्रण पडले होते. दुखणं सौम्य असेल तर गोळ्या देऊन घरी पाठवू, त्या म्हणाल्या. जोराचं असेल तर भरती करावं लागेल आणि औषधानं भागलं नाही तर ऑपरेशन. जागेश्वरचं तोंड उतरलं. त्याच्या गल्लीतले मारोतराव पोटाच्या ऑपरेशनला गेले, ते परत आले नव्हते.

दिवसातून किती वेळा जावं लागतं, असं बाईंनी विचारलं.

"तीनदा. रगत कधीमधी," जागेश्वर म्हणाला.

बाई लिहू लागल्या. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं चंद्रकलेनं कधी खोडलं नव्हतं, आणि गप्प राहा म्हणून तो तिच्याकडे बघत होता.

"बाई, काल सकाळपासून अकरा वेळा झालं," ती म्हणाली. "दर खेपेले रगत पडते. हे भेऊन राहिले, म्हणून सांगत नाही."

बाईंनी लेखणी थांबवली. नाडी मोजली, एकशे दहा. तापही शंभराच्या वर. रक्त तपासलं, तर अंगात निम्मंच उरलेलं. आजार जोराचा आहे, आज घरी गेले असते तर आतडं फाटू शकलं असतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कॉर्टिझोन नावाचं नवीन औषध सुरू झालं. पाच दिवस वाट पाहायची, उतार पडला नाही तर सर्जनकडून ऑपरेशन.

जागेश्वर तिच्याशी बोलेना. ती खाटेजवळ बसून प्रत्येक खेप मोजायची आणि नर्स शोभाताईंना सांगायची. पहिल्या दिवशी दहा, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी बारा. पोटही थोडं फुगलं. सर्जन येऊन दाबून पाहून गेले. खरं सांगून आपणच यांना सुरीखाली दिलं, असं वाटून ती भाकरीचं फडकं न सोडताच बाजूला ठेवी.

चौथ्या दिवशी सात झाल्या. पाचव्या दिवशी चार, आणि ताप उतरला. ऑपरेशन तूर्त नको, असं सर्जन म्हणाले. औषध मात्र महिनोन्‌महिने चालणार होतं, आणि दुखणं उलटूही शकत होतं.

दुपारी जागेश्वरनं कूस बदलली.

"तू जेवली का वं?"

ती नाही म्हणाली, आणि व्हरांड्यात जाऊन भाकरीचं फडकं सोडून बसली.